तळ्याकाठचा चिखल राहू द्या

नमस्कार मंडळी. पक्षी सप्ताह चालू आहे म्हणून तुम्ही बोलावलंत, बरं वाटलं. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, तो धागा धरून २०२० पासून आपल्या राज्यात हा आठवडा पाळतात, आणि कोल्हापूरकरांना तर ही वेळ अगदी सोयीची, उत्तरेकडून आलेले पक्षी आत्ता कुठं इथं स्थिरावत असतात.

पण मला आज बदकांपेक्षा चिखलावर बोलायचंय. आपण रंकाळा नाहीतर कळंबा तळ्यावर जातो, दुर्बीण थेट मधल्या पाण्यावर लावतो, हळदी-कुंकू बदक दिसलं, काळे वारकरी पक्षी दिसले, फोटो झाला, चला मिसळ खायला. अहो पण कडंला बघा की! पावसाळ्यात तुडुंब भरलेलं तळं ऑक्टोबरनंतर हळूहळू ओसरतं, पाणी मागं सरकेल तसा रोज नवा ओला पट्टा उघडा पडतो, आणि त्यात अळ्या, किडे, बारीक गोगलगायी असं सगळं जेवण असतं. चिखल्याची चोच आखूड, तो पळतो, थांबतो, वरचंवर टिपतो, परत पळतो. तुतवार पाण्याच्या अगदी रेषेवर शेपटी हलवत फिरत असतो. पाणलाव्याची चोच लांबलचक, ती आत खुपसून तो नुसत्या स्पर्शानं अळी हुडकतो, चोचीचं टोक तेवढं चिखलातल्या चिखलात उघडता येतं त्याला, हे तर मला दरवेळी नवल वाटतं. शेकाट्या लांब पायांवर जरा आत उभा, आणि त्याच्या पलीकडं थापट्या बदकं चोचीच्या कडेच्या दातऱ्यांमधनं पाणी गाळत बसलेली. चार पावलांच्या पट्ट्यात एवढ्या जणांची पंगत बसते आणि कुणी कुणाच्या पानात हात घालत नाही.

म्हणून सुशोभीकरण म्हटलं की मला धास्ती वाटते. कडंनं सरळ उभी भिंत, वर पेव्हर ब्लॉक, भिंतीला लागून एकदम खोल पाणी. बदकं कदाचित राहतील, पण चिखल्यानं उतरायचं कुठं? आणि हा प्रश्न नुसता थंडीतला नाही बरं का. ठिपकेवाला तुतवार जेमतेम साठ-सत्तर ग्रॅमचा, मार्च-एप्रिलमधे तो परत उत्तरेला निघतो, त्याच्या आधी अंगावर चरबी चढवावी लागते, तेच त्याचं इंधन. नेमकं तेव्हाच आपण उन्हाळा आला म्हणून दुर्बीण कपाटात ठेवतो. ठेवू नका, परतीचा प्रवास जास्त बघण्यासारखा असतो, काही पक्षी तोपर्यंत विणीच्या रंगात आलेले असतात.

जंगलात पण हेच आहे, फक्त चिखलाच्या जागी पाचोळा. राधानगरी-दाजीपूर अभयारण्य १९५८ चं, लोक जातात गवा बघायला, गवा बघाच, पण थंडीत जरा खाली जमिनीकडं बघत हळू चाला. रानधोबी पक्षी पूर्व आशियातून आलेला असतो, बाकीचे धोबी शेपटी वरखाली हलवतात, हा आडवी डोलवतो, आणि पाचोळ्यातनं किडे वेचतो. हिमालयातनं आलेला निळ्या डोक्याचा कस्तुर पण बऱ्याचदा खालीच उतरतो. मग पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडनं नवरंग पक्षी येतो, तो तर पानं उलटीपालटी करूनच खातो. आता विचार करा, फेब्रुवारी-मार्चमधे कुणीतरी वणवा लावला की झाडं उभी दिसतात, आपल्याला वाटतं जंगल वाचलं, पण खालचा पाचोळा गेला की या सगळ्यांचं ताट गेलं. गवत चांगलं येतं म्हणून आग लावतात, हे गावोगाव जाऊन बोलायला पाहिजे, आणि बोलताना त्यांच्या जनावरांच्या चाऱ्याचं काय हे पण ऐकून घ्यायला पाहिजे, नाहीतर कोण ऐकेल आपलं?

आता कामाचं. रविवारी सकाळी साडेसहाला कळंब्यावर जमूया, भडक कपडे नकोत, कुत्री आणू नका, चिखलात उतरायचं नाही, बांधावरनंच बघायचं. कुठला पक्षी पाण्यात, कुठला कडंला, कुठला गवतात हे वेगवेगळं लिहा आणि ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, टाका. एप्रिलपर्यंतच्या नोंदी झाल्या की त्या घेऊन आपण महापालिकेत जाऊ आणि एवढंच मागू की तळ्याचं काम काढाल तेव्हा एक बाजू तरी उताराची, मातीची ठेवा.