पांढऱ्या कांद्याचं बी आणि शेजारधर्म

मंडळी, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण मानांकनाने नाव राखलं जातं, वाण नाही. वाण बियाण्यात असतो, आणि कांद्याचं शुद्ध बी एकट्याने धरता येत नाही.

गोंडा जवळून बघा. डेंगळ्याच्या, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्याच्या, टोकाला बारीक फुलांचा गुच्छ असतो. त्यातल्या प्रत्येक फुलाचा पराग आधी झडतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरूनच यायचा, आणि तो आणतात मधमाश्या. त्यांनी तो तांबड्या कांद्याच्या गोंड्यावरून आणला, तर भेसळ तिथेच झाली. बी मात्र नेहमीसारखं काळंभोर. हातात घेऊन काही कळत नाही. पुढे कांदा पोसला की वाफ्यात तांबूस गाठी दिसायला लागतात. तोवर वर्ष गेलेलं असतं.

प्रमाणित बियाण्यासाठी कांद्याला दुसऱ्या वाणाच्या फुलणाऱ्या कांद्यापासून ५०० मीटर अंतर लागतं, पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढे प्रमाणित बी करतात) १००० मीटर. ५०० मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण चहूबाजूंनी तेवढं अंतर धरा, सुमारे ७८ हेक्टरांचं वर्तुळ होतं. आपल्याकडे हिशेब गुंठ्यांचा! त्या वर्तुळात भावकीची शेतं येणार, शेजारची वाडी येणार, कदाचित पलीकडचं गावही येणार.

मग शेजाऱ्याकडे काय मागायचं? तांबडा कांदा लावूच नका, असं अजिबात नाही. खायचा कांदा फुलायच्या आत काढला जातो, त्याचा त्रास नाही. त्रास असतो मधूनच निघणाऱ्या चुकार डेंगळ्यांचा. ते गोंडा उमलायच्या आत मोडायचे, एवढंच मागणं. आणि परसात नक्की बघा. बाजारातून आणलेल्या कांद्याला कोंब फुटला की तो आपण केळीच्या बुडाशी खोचतो आणि विसरतो. तोही फुलतो.

अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या विलामेट खोऱ्यात भाजीपाल्याचं बी पिकवणारे एका सामाईक नकाशावर आपापली पिकं नोंदवतात आणि अंतर कमी पडत असेल तर आपसात बोलून मिटवतात. त्यांची शेतं आपल्यापेक्षा कितीतरी मोठी, तरी त्यांना हे करावं लागतं.

काकडी-दुधीचं तुलनेने सोपं आहे. कळी बांधून हाताने परागण करता येतं. चवळी-वालाला तर फारशी चिंताच नाही. कांद्यात मात्र एका वर्षी पांढऱ्याचं, पुढच्या वर्षी तांबड्याचं बी अशी पाळी लावूनही भागत नाही, कारण कांद्याचं बी उघड्यावर वर्षभरातच उगवण गमावतं, त्यातून आपली दमट हवा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की गावात दोघातिघांनीच बी धरावं, पण सगळ्यांसाठी धरावं. त्यासाठी चार घरचे निवडक कांदे एकत्र लावा. मोजक्याच कांद्यांवर बी धरलं तर पुढे वाण दुबळा होतो. ज्याची जमीन फुलोऱ्यात अडकते, त्याला बाकीच्यांनी बियाण्याचा रास्त भाव द्यायला हवा.

गावाचा नकाशा मी सोबत आणला आहे. यंदा बी कोण धरणार, त्यांनी पुढे येऊन आपला गट नंबर दाखवा. त्याभोवतीचं वर्तुळ आत्ताच आखू, आणि त्यात कुणाकुणाची घरं नि शेतं येतात तेही इथेच लिहून काढू.