टाकी कोरडी, गाडी चालू

डॅशबोर्डवरच्या या खिडकीत पेट्रोलचा आकडा दिसतो. आत्ता तिथे शून्य आहे. आणि इंजिन चालू आहे.

फोर्ड मॉडेल ए, १९३०ची. चार सिलिंडर, सव्वातीन लिटर, ४० अश्वशक्ती. मागचा, कोळशापासून गॅस बनवणारा पिंप तेवढा नवा, नागपुरातल्याच गॅरेजात वेल्डिंग केलेला. युक्ती मात्र जुनी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा आपल्याकडच्या मोटारी आणि बसगाड्या अशाच कोळशाच्या गॅसवर धावल्या.

बाभळीचा कोळसा, सुपारीएवढा फोडलेला. चुरा चाळून काढायचा, नाहीतर हवेची वाट तुंबते. खालच्या नळीतून पेटता बोळा आत जातो आणि मेस्त्री हाताने पंखा फिरवू लागतात. धगधगत्या कोळशातून हवा ओढली गेली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तेच इंधन. पाइपातून जाताना तो निवतो, कापडातून गाळला जातो, मग हवेत मिसळून इंजिनात शिरतो. नळीच्या तोंडाशी काडी लावली. ज्योत टिकली, म्हणजे गॅस आला.

(निवेदन थांबेल. पायाने स्टार्टर दाबल्याचा आवाज, मग इंजिन.)

सिव्हिल लाइन्स. या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त नायट्रोजन असतो, त्यामुळे ताकद कमी आणि जळणंही संथ. ठिणगी आधी पडायला हवी.

“काहून धक्के देऊन राहिली?” मेस्त्री विचारतात, आणि स्टिअरिंगखालची दांडी खाली ओढतात. ठिणगीची वेळ चालवणाऱ्याच्या हातात ठेवणारी ही जुनी सोय आज कामी आली. कापड पांघरून शेडमध्ये ठेवली असती, तर पाहुण्यांनी फक्त रंगाचं कौतुक केलं असतं.

सेमिनरी हिल्सचा चढ. तिसरा गिअर पेलत नाही. मेस्त्रींचा पाय बघा: क्लच दाबला, सोडला, मध्ये रेस दिली, पुन्हा दाबला. दुसरा गिअर बिनआवाज पडला. गाडी चढली, सावकाश.

उतारावर ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत, ते सळयांनी ओढले जातात. तेलाचा संबंध नाही. गाडी किंचित डावीकडे खेचते, सळया जुळवाव्या लागतील.

हा गॅस विषारी आहे, म्हणून पेटवणं उघड्यावरच. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही आलंच.

पुढची चाचणी मे महिन्यात. गॅस गरम राहिला की फुगतो आणि सिलिंडरात कमी मावतो. थंड करणारे पाइप पुरेसे आहेत का, ते नागपूरच्या ४५ अंशांतच कळेल.