गिअर गेले, त्यांच्या जागा राहिल्या

मंडळी, समोर टेबलावर ठेवलेली ही फ्रेम पूर्वी बारा गिअरची होती. आता पुढे एक चकती, मागे एक चक्री आणि मध्ये चेन, एवढाच संसार. फ्रीव्हील नाही, म्हणजे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. हिलाच फिक्स्ड म्हणतात. गिअर गेले, पण त्यांनी बिऱ्हाड मांडलं होतं त्या जागा काही गेल्या नाहीत. तिरक्या दांडीच्या दोन्ही बाजूंना गिअरच्या लिव्हरचे चौकोनी बुंधे. वरच्या दांडीला मागच्या ब्रेकच्या केबलसाठी कड्या. चेनच्या बाजूच्या आडव्या नळीवर केबलचा एक थांबा. आणि मागचं चाक बसतं त्या खाचेखाली डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्राचा, हा लोंबता कान.

हे सगळं ग्राइंडर मारून साफ का करू नये, असं मला हमखास विचारतात. दिसायला छान दिसेल, कबूल. पण चांगली पोलादी नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. अशा नळीचं पेटंट इंग्लंडच्या रेनॉल्ड्सनं १८९७ साली घेतलं, आणि त्यांची ५३१ नंबरची प्रसिद्ध नळी १९३५ची. अशा नळीचा मधला पत्रा भरतो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर. बुंधा वर झाळलेला. ग्राइंडर जरा तिरका टेकला, की झाळ कुठे संपली आणि नळी कुठे सुरू झाली ते कळतही नाही. जुने कारागीर पातळ नळीला उगाच ताव नको म्हणून कित्येक वर्षं सगळं पट्ट्यांनीच आवळत असत. तेवढी धास्ती आपणही ठेवावी.

आणि या जागांना दुसरं काम देण्यात काही कमीपणा नाही. १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीनं गिअरचा खटका ब्रेकच्या मुठीत आणला आणि दांडीवरच्या लिव्हर हळूहळू गेल्या. बुंधे मात्र राहिले. कारखान्यांनी त्यांच्यावर केबलचं कवच टेकवायचे थांबे बसवले. म्हणजे जुन्या जागेला नवा भाडेकरू ठेवायची सुरुवात त्यांनीच केली.

माझा प्रश्न एकच असतो : ही जागा कुठला भार सोसायला केली होती? लिव्हरच्या बुंध्यावर काय यायचं? अंगठ्याची ढकल आणि नळीच्या दिशेनं केबलची ओढ. म्हणून तिथे दीड किलोचं कुलूप लटकवू नये. खड्ड्याखड्ड्याला ते हिसका देणार, आणि तोही बाहेरच्या बाजूला. दिवा मी लावून पाहिला. पुढचं चाक आडवं येऊन अर्ध्या रस्त्यावर सावली पडायची. घंटी तर नकोच, कारण ती वाजवायला हँडल सोडून हात खाली न्यावा लागतो, आणि इथे पाय तर थांबवता येत नाहीत.

मी केलं ते असं. अॅल्युमिनियमची बोटभर रुंदीची पट्टी दांडीवरून कमानीसारखी वाकवली, तिची दोन टोकं दोन बुंध्यांवर आवळली आणि कमानीवर पंधरा मिलिमीटरचा पाना पट्ट्यानं बांधला. टोकांचं भोक मी कानशीनं चौकोनी केलं. बुंध्याचा तळ चौकोनी असतो तो लिव्हरचं वायसर फिरू नये म्हणूनच. गोल भोक ठेवलंत तर पट्टी आठवड्यात सैल होईल.

इथे एक गोम आहे. बोल्ट पाच मिलिमीटरचा, साधाच, कुठेही मिळेल. पण भोक बुंध्यापुरतंच असतं, खाली लगेच नळीची भिंत. लांब बोल्ट पिळत गेलात तर तो त्या पातळ पत्र्याला आतल्या बाजूला पोचा पाडेल. खोली मोजायला भोकात आगकाडी घाला, नखानं खूण करा, पट्टीची जाडी मिळवा आणि बोल्ट त्याहून थोडा आखूडच घ्या.

पंधराचा पाना का? कारण फिक्स्डच्या मागच्या चाकाला नट असतात, एका हातानं उघडणारी खिटी सहसा नसते. पंक्चर झालं आणि पाना घरी राहिला, तर पुढचा प्रवास पायी. त्याच वेळी कामाला येते ती ही खुंटी. सीटकडून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या उजव्या बाजूच्या नळीला आतून झाळलेली, हरभऱ्याएवढी. बऱ्याच जणांना ती कशासाठी आहे हे ठाऊकच नसतं. नट सैल करा, चाक पुढे सरकवा, चेन चक्रीवरून उतरवून खुंटीवर अडकवा. चेन जमिनीवर लोळत नाही आणि रंगावर ओरखडेही पडत नाहीत. या खुंटीला नवीन काम शोधावं लागत नाही. तिचं जुनंच काम इथे जास्त उपयोगी पडतं.

आडव्या खाचेत मागून घुसलेले हे दोन बारीक स्क्रू मात्र फसवे. अनेकांना वाटतं, हे चाकाला सरकू देणार नाहीत. पण चेन आसाला ओढते पुढे, आणि स्क्रू उभा आहे मागे! त्यानं कसा अडणार? हा स्क्रू आठवणीपुरता ठेवायचा. चाक परत घालताना आस त्याला टेकला, की चाक सरळ बसलं. धरून ठेवायचं काम नटांचंच.

डिरेलरच्या कानाचे आटे दहा मिलिमीटर व्यासाचे, पण बारीक, एक मिलिमीटर अंतराचे. दुकानातल्या साध्या दहाच्या बोल्टाचे आटे दीडचे. दोन वेढे जातो, मग अडतो, मग आपण जोर लावतो आणि आटे खल्लास. बारीक आट्याचाच बोल्ट शोधा. मी त्याच्यावर मागचा छोटा दिवा बसवला. त्याची तार चेनच्या बाजूच्या त्या रिकाम्या थांब्यातून नेली, तीच माझी चूक. तार बांधलेला एक बंद तुटला आणि ती चेनमध्ये गेली. साध्या सायकलवर पाय थांबवले असते. इथे मी पाय थांबवेपर्यंत चक्रीनं हातभर तार गिळली होती. आता तार वरच्या दांडीच्या कड्यांतून जाते, ब्रेकच्याच जुन्या कवचातून ओवलेली, आणि सीटखालच्या दिव्यापर्यंत पोचते. कान रिकामा आहे, राहू दे.

मागच्या ब्रेकच्या भोकात मडगार्ड बसवा, खुशाल. पुढच्या भोकात फक्त ब्रेक. त्याबद्दल माझ्याशी वाद घालू नका.

मागून विचारताहेत, पॅडलच्या आसाच्या नळकांड्याखाली केबलची पन्हळ होती, ती काढल्यावर उरलेल्या भोकाचं काय? मी त्यात रबरी बूच ठोकलं होतं, नीटनेटकं दिसावं म्हणून. पावसाळा संपल्यावर काढलं, तर तांबड्या पाण्याची धार थेट माझ्या चपलेवर आली. सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी तिथेच साचलं होतं. तेव्हापासून ते भोक उघडं आहे.