काचेचे पैलू

दृश्य : चोर बाजार, शुक्रवारची पहाट

मटण स्ट्रीटवर अजून उजाडायचंय. फडक्यावर मांडलेल्या घड्याळांवरून टॉर्चचा झोत फिरतो आणि एका काचेवर फुटतो. सिको फाइव्ह, जपानी सिको कंपनीचं घड्याळ, सत्तरच्या दशकातलं. डायल निळी, कडेला जाता जाता शाईसारखी काळी. चावी चारच्या आकड्यापाशी खोबणीत लपवलेली, कारण घड्याळ ऑटोमॅटिक. रोज पिळायची गरजच नाही. वार इंग्रजीत आणि अरबीत. आखातातून कुणाच्या तरी मनगटावर बसून आलं असणार.

दृश्य : काच, अगदी जवळून

काचेला हिऱ्यासारखे पैलू पाडलेत. मिनिटकाटा बघा. पैलूच्या कडेखाली शिरला की मोडल्यासारखा होतो, क्षणभर दोन दिसतात, पलीकडे पुन्हा एक. मनगट जरा कलवलं की खालचा निळा उजळतो.

दृश्य : कारागिराचं टेबल

डायल म्हणजे पितळेची पातळ चकती. मधून कडेपर्यंत बारीक रेघा, त्यांवर रंगाचा पातळ हात. म्हणून उजेड तिच्यावर पंख्यासारखा फिरतो. मुंबईत जुनी डायल नव्याने रंगवूनही मिळते. आधीचा रंग उतरवायचा, नवा फवारायचा, मग सिलिकॉनच्या मऊ गादीने नाव उमटवायचं. हात सफाईदार आहे, ते नाकारता येत नाही. पण कंपनीने कधी न काढलेला पोपटी, भगवाही त्याच हातातून निघतो. परदेशातले संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. कौतुकाने नव्हे!

सहाच्या खाली, अगदी काठावर, मुंगीएवढ्या अक्षरांत डायलचा नंबर असतो. रंगवलेल्या डायलवर बहुतेकदा तो गायब, नाहीतर फेंगडा.

आणि काच? प्लास्टिकची असती तर टूथपेस्टने घासून ओरखडे गेले असते. ही मिनरल, म्हणजे खरी कडक काच, हिच्यावर ती युक्ती चालत नाही. सपाट काच लगेच मिळते, पैलूंची शोधावी लागते. सपाट बसवली की डायल तीच, निळा तोच, पण मुका.

अशा नव्याने रंगवलेल्या घड्याळांत गिऱ्हाईक फसतं, एक घड्याळ जुळवायला दुसरी दोन मोडली जातात, तेही आहेच.

दृश्य : दादर, घड्याळजीचं दुकान

“काका, काच बदलायची?”

“कशाला? ओरखडा कडेला आहे. पैलू शाबूत आहेत. पुसून देतो.”

मागच्या झाकणावरचा नंबर काका भिंगातून वाचतात. पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिन्याचा. 4, मग 7.

1974चा जुलै.