बुडणारी बेटे आणि खचणाऱ्या द्रोणी

मित्रहो,

प्रशांत महासागरातील मार्शल द्वीपसमूहात एनिवेटोक नावाचे प्रवाळ कंकणद्वीप आहे. त्याची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर डोकावते. १९५२ साली तेथे दोन खोल विवरे खणण्यात आली. विंधनयंत्र खाली उतरत होते आणि शेकडो मीटर गेले तरी वर येणारा खडक चुनखडीचाच होता. अखेर पहिल्या विवरात सुमारे १,२८० मीटरांवर आणि दुसऱ्यात सुमारे १,४०० मीटरांवर पाया लागला. तो ज्वालामुखीच्या बेसॉल्टचा होता. त्या बेसॉल्टच्या लगेच वरची चुनखडी इओसीन कालखंडातील (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीची) होती, आणि तिच्यातले जीवाश्म उथळ पाण्यात राहणाऱ्या जीवांचे होते. भित्ती उभारणारे प्रवाळ सूर्यप्रकाश पोहोचतो तेवढ्याच खोलीत वाढतात. तेव्हा एवढ्या खोलीवर त्यांचे सांगाडे सापडतात याचा अर्थ एकच होतो: पाया हळूहळू खाली जात राहिला आणि त्याच्या गतीने प्रवाळ वर चढत राहिले.

चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये नेमके हेच प्रतिपादन केले होते. ज्वालामुखी बेटाला आधी काठाशी बिलगलेली प्रवाळभित्ती असते, बेट खचू लागले की भित्ती व बेट यांच्यामध्ये पाणी शिरते, आणि शेवटी बेट दिसेनासे होऊन फक्त प्रवाळांचे कडे उरते, असा तो क्रम होता. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात प्रशांत महासागरातल्याच फुनाफुटी या कंकणद्वीपावर विवर खणून त्याची परीक्षा घेण्याचा प्रयत्न केला, पण ते सुमारे ३४० मीटरांवर थांबले आणि चुनखडीखाली काय आहे ते कळलेच नाही. निकाल लागायला शतकाहून अधिक काळ गेला. मात्र बेट कशामुळे खचते, याचे उत्तर डार्विनजवळ नव्हते. ते त्याच्या काळात कोणाजवळच असणे शक्य नव्हते.

आज मला या खचण्याविषयीच बोलायचे आहे. उद्रेक डोळ्यांत भरतो, म्हणून ज्वालामुखी बेटांची चर्चा बहुधा उद्रेकाशी सुरू होऊन तेथेच संपते. पण बेटाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा भाग उद्रेकानंतरचा असतो. आणि त्या उत्तरायुष्यावर ज्या नियमांचा अंमल चालतो, तेच नियम भूखंडांवरील द्रोणींना, म्हणजे गाळाने भरलेल्या विस्तीर्ण खोलगट प्रदेशांनाही, लागू पडतात. बेट आणि द्रोणी यांचा अभ्यास करणारे लोक बऱ्याचदा वेगवेगळ्या सभागृहांत बसतात. माझ्या मते ही सोय आहे, निसर्गातली विभागणी नव्हे.

सागरतळापासून आरंभ करू. मध्यसागरी पर्वतरांगेवर प्रावरणातील, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातील, तप्त द्रव्य वर येते, दाब उतरल्यामुळे त्याचा काही अंश वितळतो आणि त्यातून नवे कवच तयार होते. येथे वितळण्यासाठी उष्णता बाहेरून यावी लागत नाही. दाब कमी होणे पुरेसे असते. नवा सागरतळ सरासरी सुमारे २,५०० मीटर खोलीवर असतो. तो पर्वतरांगेपासून दूर सरकतो तसा थंड होतो, आकसतो, जड होतो आणि खाली बसतो. ही खोली वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: दशलक्ष वर्षांत मोजलेल्या वयाच्या वर्गमुळाला सुमारे ३५० मीटरांनी गुणले की किती खाली गेला ते साधारण कळते. म्हणजे पहिल्या दहा लाख वर्षांत सुमारे ३५० मीटर, आणि अडीच कोटी वर्षांत सुमारे १,७५० मीटर. सात-आठ कोटी वर्षांपलीकडच्या सागरतळात हा नियम ढिला पडतो, तळ अपेक्षेइतका खोल जात नाही, आणि त्याची कारणमीमांसा अजून वादात आहे. पण पहिल्या भागाबद्दल फारसे दुमत नाही. उष्णतेच्या वहनाचे हे साधे गणित आहे. जाड थर वरून निवू लागला की निवलेल्या भागाची जाडी काळाच्या वर्गमुळानेच वाढते.

आता अशा सागरतळावर ज्वालामुखी उभा राहिला, तर तो ज्या जमिनीवर उभा आहे तीच त्याच्यासह खाली जाणार हे उघड आहे. दुसऱ्या महायुद्धात भूवैज्ञानिक हॅरी हेस यांनी नौदलाच्या जहाजावरील प्रतिध्वनी-मापकाने प्रशांत महासागरात सपाट माथ्यांचे अनेक बुडालेले पर्वत नोंदवले आणि १९४६ मध्ये त्यांना ‘गायो’ हे नाव दिले. हे माथे एके काळी लाटांच्या पातळीवर होते, लाटांनीच ते कापून काढले, आणि नंतर ते एक-दोन किलोमीटर खाली गेले. एनिवेटोकवर प्रवाळांनी पाठलाग केला. गायोंवर प्रवाळ मागे पडले किंवा मुळात नव्हतेच.

हवाई द्वीपमालेत ही सारी कथा ओळीने मांडलेली दिसते. १९६३ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ तुझो विल्सन यांनी सुचवले की प्रावरणात तुलनेने स्थिर असा एक तप्त उगम आहे आणि त्याच्यावरून भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरील कडक थराचा सरकता तुकडा, जात असल्यामुळे बेटांची रांग तयार होते; १९७१ मध्ये जेसन मॉर्गन यांनी हे उगम खोल प्रावरणातून वर येणारे झोत असल्याचे प्रतिपादन केले. आग्नेय टोकाला हवाई बेट अजून उद्रेकशील आहे, कौआई सुमारे ५० लाख वर्षांचे आहे, मिडवे सुमारे २.८ कोटी वर्षांचे. पुढे ही रांग समुद्राखालून चालत राहते आणि सुमारे ४.७ कोटी वर्षांच्या वयाशी उत्तरेकडे वळून एम्परर सागरी पर्वतांची रांग होते. हे वळण भूपट्टाची दिशा बदलल्याचे चिन्ह मानले जाई. २००१ साली एम्परर पर्वतांवर विंधन झाले आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुराचुंबकीय मोजमापांतून (लाव्हा थिजताना त्यात टिकलेल्या चुंबकत्वावरून तेव्हाचा अक्षांश काढतात) असे दिसले की तेथील जुना लाव्हा हवाईच्या आजच्या १९ अंश अक्षांशापेक्षा बऱ्याच उत्तरेला थिजला होता. उगमही दक्षिणेकडे सरकत होता. ‘स्थिर’ हा शब्द विल्सन यांच्या काळात उपयुक्त होता. आता तो जपून वापरावा लागतो.

प्रत्येक बेटाचे व्यक्तिगत आयुष्यही ठरावीक वळणांनी जाते. आधी समुद्राखाली अल्कधर्मी (सोडियम-पोटॅशियम अधिक असलेल्या) लाव्हाचा अल्प उद्रेक, मग ढालीच्या आकाराचा प्रचंड डोंगर उभारणारा थोलिआइटी (ही अल्कद्रव्ये कमी असलेल्या) बेसॉल्टचा महापूर, मग पुन्हा अल्कधर्मी लाव्हाचे आवरण, आणि बऱ्याच मोठ्या खंडानंतर कधीकधी एक उशिराची जाग. ओआहू बेटावरील डायमंड हेड हा ज्वालामुखी शंकू ही अशाच उशिराच्या जागेची खूण आहे. लाव्हाचे रसायन बदलते, कारण उगमापासून दूर जाताना प्रावरणाचा वितळणारा अंश घटत जातो.

पण मला थांबायचे आहे ते ओझ्यापाशी. हवाई बेटाच्या वजनाखाली सागरी कवच सुमारे ८ किलोमीटर खाली दबले आहे, म्हणून तेथील मौना लोआ ज्वालामुखीची खरी उंची, म्हणजे दबलेल्या पायापासून शिखरापर्यंतची, सुमारे १७ किलोमीटर भरते. भूपट्ट लवचिक फळीसारखा वाकतो. डोंगराभोवती खंदक पडतो आणि खंदकापलीकडे जमीन किंचित फुगते. हवाई बेट आजही वर्षाला सुमारे अडीच मिलिमीटर खाली जात आहे. त्याच्या वायव्य उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी बुडालेल्या प्रवाळभित्ती आहेत, वरची सुमारे १५० मीटरांवर, खालच्या १,००० मीटरांहून खोल, आणि त्यांचे वय काही लाख वर्षांतच मोजले जाते. थंड होण्यामुळे होणाऱ्या अवतलनाशी, म्हणजे खचण्याशी, तुलना केली तर हा वेग फारच मोठा आहे. बेट स्वतःच्याच वजनाने बुडते, आणि तेही सर्वाधिक जोमात असताना.

शिवाय ते कोसळतेही. ओआहूच्या कूलाउ ज्वालामुखीचा ईशान्य अर्धा भाग तुटून समुद्रतळावर विखुरला; त्यातला सर्वांत मोठा तुकडा सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. म्हणून बेट हा आपल्या इतिहासाचा अविश्वासू लेखनिक आहे असे मला वाटते: जुनी पाने नव्या लाव्हाखाली जातात, उरलेली झिजतात, आणि काही समुद्रात ढासळतात.

या वर्णनाला छेद देणारी बेटेही लक्षात ठेवली पाहिजेत. अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटे जुरासिक काळातील थंड, जाड भूपट्टावर उभी आहेत आणि तो भूपट्ट उगमाच्या तुलनेत अतिशय मंद सरकतो. फ्वेर्तेव्हेंतुरा दोन कोटी वर्षांहून जुने आहे, तरी ते पाण्यावर आहे. पश्चिमेचे ला पाल्मा तरुण असून तेथे २०२१ साली १९ सप्टेंबर ते १३ डिसेंबर असा उद्रेक चालला. फ्वेर्तेव्हेंतुरावर मध्यजीव महाकल्पातील सागरी गाळ आज जमिनीवर उघडा पडलेला दिसतो, म्हणजे तेथे तळ खचण्याऐवजी उचलला गेला. तेव्हा हवाईचे वेळापत्रक सर्व बेटांना लावणे ही चूक ठरेल. भूपट्टाचे वय, त्याची जाडी आणि त्याचा वेग हे तिन्ही जाणल्याशिवाय बेटाचे भवितव्य सांगता येत नाही.

आता भूखंडाकडे वळू. भूखंडावर किलोमीटरगणती गाळ साठतो, तर त्यासाठी जागा कोण करते? गाळ आपल्या वजनाने थोडी जागा करतो, पण तेवढ्याने भागत नाही. गाळ खडकापेक्षा हलका असल्याने तो सुरुवातीचा खड्डा वाढवू शकतो, निर्माण करू शकत नाही. १९७८ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ डॅन मॅकेन्झी यांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले ते मला आजही सुंदर वाटते. भूखंडाचे शिलावरण, म्हणजे कवच आणि त्याला लागून असलेला प्रावरणाचा कडक भाग, ताणले गेले की ते पातळ होते. हलके कवच पातळ झाल्यामुळे जमीन लगेच खाली बसते, विभंग (ज्यांवरून खडक सरकतात अशा भेगा) पडतात आणि खचदरी तयार होते. परंतु त्याच वेळी खालचे तप्त प्रावरण वर आलेले असते. ताण थांबला तरी ही उसनी उष्णता परत करावी लागते, आणि ती परत करताना तळ पुन्हा, या वेळी शांतपणे आणि विस्तीर्ण प्रदेशावर, खचतो. या दुसऱ्या टप्प्याचा कालमापक सुमारे सहा कोटी वर्षांचा आहे. हे गणित सागरतळाच्याच गणिताचे भावंड आहे.

उत्तर समुद्रात हे दोन्ही टप्पे गाळात वाचता येतात. जुरासिक काळाच्या अखेरच्या भागात व्हायकिंग आणि सेंट्रल या खचदऱ्या ताणाने उघडल्या. त्यांचे गाळ विभंगांनी कापलेल्या अरुंद खोबणींत आहेत. त्यावर जुरासिकनंतरच्या क्रेटेशस काळातील खडूचे आणि नंतरचे थर मोठ्या रुंदीवर, दरीचे काठ ओलांडून पसरले आहेत. आडवा छेद काढला तर तो शिंगे असलेल्या बैलाच्या तोंडासारखा दिसतो: खाली अरुंद मुस्कट, वर दोन्ही बाजूंना पसरलेली शिंगे. भूवैज्ञानिक हे थर एकेक करून कागदावर सोलून काढतात, प्रत्येक थराचे वजन वजा करून पाया मोकळा असता तर कोठे असता ते काढतात, आणि मिळालेल्या अवतलनाच्या वक्रावरून शिलावरण किती पट ताणले गेले ते ठरवतात. तेलशोधकांना या वक्राची गरज असते, कारण त्यावरूनच मातृखडक, म्हणजे ज्यात तेल तयार होते तो खडक, केव्हा किती तापला हे कळते.

प्रत्येक ताणातून ज्वालामुखी का जन्मत नाही, याचे उत्तर तापमानात आहे. १९८९ मध्ये रॉबर्ट व्हाइट आणि मॅकेन्झी यांनी दाखवले की प्रावरण १०० अंश सेल्सिअसने अधिक तप्त असेल तर ताणातून निघणारा शिलारस दुप्पट होतो आणि २०० अंशांनी अधिक असेल तर तो चौपटही होऊ शकतो. म्हणून काही भूखंडांच्या कडा जाड लाव्हाने मढवलेल्या आहेत आणि काही जवळजवळ कोरड्या. लाव्हाने मढलेल्या कडा लवकर बुडत नाहीत, कारण नव्या शिलारसाने कवच पुन्हा जाड केलेले असते. पूर्व आफ्रिकेतील अफार प्रदेशात सप्टेंबर २००५ मध्ये सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या भेगेत शिलारस घुसला आणि जमीन काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत फाकली. तेथे ताण हे काम खडक तोडून कमी आणि शिलारसाच्या पाचरी ठोकून अधिक करतो.

ओझ्याने वाकणाऱ्या फळीचे उदाहरणही भूखंडांवर आहेच. हिमालयाच्या वजनाखाली भारतीय भूपट्ट वाकला आहे आणि त्या वाकातला खंदक गंगेच्या मैदानाच्या गाळाने भरला आहे. पर्वताजवळ तो सर्वांत जाड आहे आणि दक्षिणेकडे पातळ होत जातो. हवाईभोवतीचा खंदक आणि हे मैदान यांचे समीकरण एकच आहे, ओझ्याचे द्रव्य तेवढे वेगळे. अमेरिकेतील मिशिगनसारख्या द्रोणींत मात्र ना ठळक खचदरी आहे, ना शेजारी पुरेसा मोठा पर्वत, तरी चार किलोमीटरहून जाड गाळ साठला आहे. तिच्यावर सुचवलेली उत्तरे अनेक आहेत, आणि त्यांतले एकही मला पूर्णपणे पटलेले नाही.

शेवटी एक जागा सांगतो, जेथे बेटाखालचा झोत आणि द्रोणीतला गाळ यांची गाठ पडते. स्कॉटलंडच्या उत्तरेस, शेटलंड आणि फॅरो बेटांमधील द्रोणीत, सुमारे दोन किलोमीटर गाळाखाली एक संपूर्ण पुरलेली भूमी भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात सापडली. तिच्यावर डोंगर आहेत, दऱ्या आहेत आणि एकमेकींना मिळणाऱ्या नद्यांची जाळी आहे. ती सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी समुद्रातून वर आली आणि सुमारे दहा लाख वर्षांत पुन्हा बुडाली. नद्यांच्या तळाच्या उतारावरून असे दिसते की ती एकदम उचलली गेली नाही. २०० ते ४०० मीटरांच्या तीन झटक्यांत उचलली गेली. ज्या झोताने पुढे आइसलँड उभारले, त्यातून तप्त द्रव्याच्या लहरी शिलावरणाच्या तळाशी बाहेर पसरल्या आणि प्रत्येक लहर खालून जाताना वरची जमीन वर आली व ती गेल्यावर खाली बसली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आइसलँडचे आज उघडे असलेले सर्वांत जुने खडक सुमारे दीड कोटी वर्षांचे आहेत. त्याआधीच्या झोताची ही तीन स्पंदने त्या बेटावर कोठेच लिहिलेली नाहीत. ती शेजारच्या द्रोणीत, चिखलाखाली, नद्यांच्या पात्रांसह जशीच्या तशी आहेत.