मुक्काम पोस्ट नॉवू

मिसिसिपी नदी इथे एक मोठे वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात, इलिनॉय राज्याच्या पश्चिम सीमेवर, नॉवू हे गाव वसलेले आहे. पाण्यापलीकडे दिसते ती झाडी आयोवा राज्यातली. नदीकाठापासून टेकडीपर्यंत पसरलेली सखल जमीन, तिच्यावर एकमेकांपासून अंतर राखून उभी असलेली लाल विटांची घरे, मधली कापलेल्या गवताची मोकळी मैदाने आणि टेकडीच्या माथ्यावरचे फिकट दगडाचे मंदिर, एवढा सगळा पसारा एका नजरेत मावतो. आज गावाची कायमची वस्ती सुमारे हजार माणसांची आहे. 1845 च्या सुमारास मात्र इथे अकरा-बारा हजार लोक राहत होते आणि तेव्हाचे शिकागो शहरही साधारण एवढेच होते.

या माहितीपटात आपल्याला भेटणारे हे तरुण जोडपे आणि त्यांची तीन मुले युटा राज्यातून सुमारे 1,300 मैल गाडी चालवून जुलै महिन्यापुरती इथे राहायला आली आहेत. नवरा शाळेत शिकवतो, त्यामुळे उन्हाळ्याची सुटी त्याच्या हाताशी असते. बायकोने बिनपगारी रजा घेतली आहे. गावाच्या कडेला एका घराचा तळमजला त्यांनी भाड्याने घेतला असून भाडे, पेट्रोल, खाणेपिणे हा सगळा खर्च त्यांच्याच पदरचा आहे. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे लोकांच्या तोंडी मॉर्मन, या पंथाचे हे कुटुंब आहे. दर उन्हाळ्यात टेकडीच्या पायथ्याशी उघड्यावर होणाऱ्या नाट्यसोहळ्यात पाचही जणांना समूहातल्या भूमिका मिळाल्या आहेत. धाकटे मूल अजून कडेवरचे आहे, म्हणून त्याची भूमिका आईच्या कडेवर बसून पार पडते.

नॉवूचे वेगळेपण असे, की हे जपलेले गाव चालवणारी माणसे जवळजवळ सगळीच तात्पुरती आहेत. लोहाराच्या भात्यापाशी उभे असलेले हे आजोबा नोकरीतून निवृत्त होऊन, पत्नीसह, वर्ष-दीड वर्षासाठी स्वखर्चाने सेवेला आले आहेत. गाडीवर बसून वाद्ये वाजवत निघालेली ही तरुण मंडळी फक्त उन्हाळ्यापुरती आहेत आणि आपल्या कुटुंबासारखी कुटुंबे तर काही आठवड्यांचीच पाहुणी. दुकानादुकानांतून माहिती सांगणाऱ्या या मंडळींना पगार नाही आणि पाहायला येणाऱ्यांना तिकीट नाही. काचेआड मांडून, बाहेर कुलूप घालून जपलेल्या वास्तूंपेक्षा ही रीत आम्हाला अधिक पटली, हे आधीच सांगितलेले बरे.

या गावाची सुरुवातच निर्वासितांपासून झाली. 1838 च्या ऑक्टोबरात मिसुरी राज्याचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी मॉर्मनांना राज्याबाहेर हाकलून द्यावे, नाहीतर त्यांचा नायनाट करावा, असा हुकूम काढला. त्या हिवाळ्यात हजारो माणसे मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमध्ये आली आणि पुढच्या मे महिन्यात पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ या वळणावर येऊन राहिले. तेव्हा इथे कॉमर्स नावाची विरळ वस्ती होती आणि नदीकाठची जमीन दलदलीची होती. डासांमुळे हिवतापाची साथ इतकी पसरली, की पहिल्या उन्हाळ्यात घराघरांतून माणसे अंथरुणाला खिळली. मग चर खोदून पाण्याचा निचरा करण्यात आला, चार-चार एकरांचे चौकोन आखण्यात आले आणि प्रत्येक चौकोनाचे एकेक एकराचे चार भाग पाडण्यात आले, म्हणजे घराभोवती भाजीपाला, फळझाडे आणि एखादी गाय यांना जागा उरावी. आज दिसणारी मोकळी गवताळ मैदाने म्हणजे त्याच भूखंडांवरून नाहीशा झालेल्या घरांच्या जागा आहेत.

अशाच एका जागेच्या शोधात हे कुटुंब जमीन आणि नोंदींच्या कार्यालयात आले आहे. इथे पूर्वजाचे नाव सांगितले, की 1840 च्या दशकातल्या कर, जमीन आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींतून त्याच्याविषयी जे हाती लागते ते काढून दिले जाते. बायकोच्या पणजोबांच्या आजोबांचे नाव सापडले आहे. कागदावर चौकोनाचा क्रमांक आहे, भूखंडाचा क्रमांक आहे आणि गावाच्या नकाशावर पेन्सिलीने केलेली एक खूण आहे. कागद हातात धरून पाचही जण त्या भूखंडावर येतात, तेव्हा तिथे फक्त गवत आणि एक अक्रोडाचे झाड असते. मोठी मुलगी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पावले मोजते आहे.

विटांची घरे उभी राहिली ती इथल्याच मातीतून, आणि ती कशी, हे वीटभट्टीवर सविस्तर दाखवतात. खणून काढलेली चिकणमाती पाणी आणि वाळू घालून घाण्यात मळली जाते. घोडा गोल फिरतो, त्याच्या फिरण्याने मधला उभा दांडा फिरतो आणि दांड्याला बसवलेली पाती माती कापत, दाबत खाली ढकलतात. मळलेला गोळा मग लाकडी साच्यात आपटून भरायचा असतो. नुसता ठेवला तर कोपरे मोकळे राहतात आणि वीट कोपऱ्यातच फुटते. साच्याला आधी वाळू चोळून घेतात, म्हणजे माती चिकटत नाही, आणि वर उरलेली माती पट्टीने एका हातासरशी कापून काढतात. कच्च्या विटा उन्हात आणि वाऱ्यावर वाळवल्या जातात, मधे उलटल्या जातात आणि पूर्ण वाळल्यावर मधे हवेला वाट ठेवून रचल्या जातात. हीच रचलेली रास म्हणजे भट्टी. तिच्या पोटातल्या बोगद्यांतून काही दिवस लाकूड जळत राहते. जाळाच्या अगदी जवळची वीट जास्त भाजून काळपट होते, दूरची मऊ आणि फिकट राहते, आणि म्हणून घर बांधताना पक्की वीट बाहेरच्या अंगाला आणि कच्चट वीट आतल्या अंगाला लावत. एवढे ऐकून झाल्यावर प्रत्येक पाहुण्याला गावाचे नाव उमटवलेली एक छोटी वीट भेट मिळते. मधल्या मुलाने ती हातात न धरता शर्टाच्या पुढच्या खिशात ठेवली आहे आणि खिसा विटेच्या वजनाने पार खाली ओढला गेला आहे.

दोरखंड वळणे मुलांच्याच हाताने होते. एका टोकाला हाताने फिरवायचे चाक, त्याला तीन आकडे, दुसऱ्या टोकाला एकच आकडा. तिन्ही पेड एका दिशेला पिळले जातात आणि मग तिघांचा मिळून पीळ उलट्या दिशेला बसतो. एक पीळ सुटायला पाहतो, तर दुसरा त्याला घट्ट धरतो. मधे खाचा पाडलेली लाकडी फळी धरायला मोठी मुलगी उभी आहे, कारण ती फळी हलली तर पेड एकमेकांत अकाली गुंततात.

लोहार आणि सुताराच्या या दुकानाला वेब बंधूंचे नाव आहे आणि नॉवूच्या इतिहासात याच्याइतके घाईत चाललेले दुसरे ठिकाण क्वचितच असेल. 1845 च्या शरद ऋतूत गाव सोडून जायचे ठरले आणि घरे, दुकाने, अगदी मोकळे आवारसुद्धा गाड्या बनवण्याच्या कामाला लागले. मुरलेले लाकूड पुरेसे नव्हते, म्हणून ओले लाकूड तोडून आणायचे आणि मिठाच्या पाण्यात उकळून किंवा भट्टीत वाळवून ते कामाजोगे करायचे. तुंबा, आरे आणि पाटे जुळवून चाक तयार झाले, की त्यावर लोखंडी धाव चढवायची. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान बनवलेली असते. ती लाल होईपर्यंत तापवली, की लोखंड पसरते, मग चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि चाकाचे सगळे सांधे एकदम आवळले जातात. आज हे आजोबा घोड्याच्या नालाचा खिळा तापवून त्याची अंगठी वळून देतात, आणि धाव चढवण्याची रीत सांगताना त्यांचे हात नकळत ती धाव उचलल्यासारखे हलतात.

प्रवासाला काय लागेल याची यादी नॉवूच्या वृत्तपत्रात 1845 च्या ऑक्टोबरात छापून आली होती आणि ती पाच माणसांच्या कुटुंबासाठीच होती. आच्छादन घातलेली एक भक्कम गाडी, बैलांच्या दोन-तीन जोड्या, दुभत्या गाई, हजार पौंड पीठ, शंभर पौंड साखर, बारा वर्षांवरील प्रत्येक पुरुषासाठी एक बंदूक, दारू आणि शिसे असे सगळे त्या यादीत आहे. तीत एक पौंड चहा आणि पाच पौंड कॉफी हीसुद्धा आहे, हे वाचून आजच्या पाच जणांच्या या कुटुंबाला हसू आवरत नाही, कारण या पंथात आता दोन्ही वर्ज्य आहेत. 4 फेब्रुवारी 1846 रोजी पहिल्या गाड्या पार्ली स्ट्रीटच्या टोकाशी नदीत उतरल्या. हाच तो रस्ता. कडेच्या फलकांवर त्या वेळच्या रोजनिशींतले उतारे लावलेले आहेत आणि बाबागाडी ढकलत हे कुटुंब ते वाचत पाण्यापर्यंत जाते.

गाव सोडण्याची पाळी का आली, तेही सांगायला हवे. बहुपत्नीत्वावर टीका करणाऱ्या एका वृत्तपत्राचा छापखाना 1844 च्या जूनमध्ये नगरपालिकेच्या हुकमाने मोडण्यात आला, त्या प्रकरणात जोसेफ स्मिथ आणि त्यांचे भाऊ हायरम यांना जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात ठेवले असताना 27 जूनला जमावाने त्यांना ठार मारले, आणि पुढच्या दोन वर्षांत ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली बहुतेक वस्ती पश्चिमेला, आजच्या युटाकडे, निघून गेली. वाटेत पुष्कळ माणसे दगावली.

टेकडीवरचे मंदिर मूळचे नाही, पण मूळ मंदिराच्या जागेवरच ते उभे आहे. पहिल्या मंदिराची कोनशिला 6 एप्रिल 1841 रोजी बसवली गेली आणि गावकऱ्यांनी दर दहा दिवसांतला एक दिवस त्याच्या कामाला द्यावा असा नेम होता. चुनखडीचा दगड नदीकाठच्या खाणीतून येत असे. पुढे 1913 मध्ये कीओकक इथे धरण झाले, नदीचे पात्र पसरले आणि ती खाण पाण्याखाली गेली, त्यामुळे कॅमेरा आता ज्या पाण्यावरून सरकतो आहे त्याच्या तळाशी कुठेतरी छिन्नीचे घाव असणार. गाव रिकामे झाल्यावर 1848 मध्ये मंदिराला आग लावण्यात आली आणि 1850 मध्ये चक्रीवादळाने उरलेल्या भिंतींचीही पडझड केली. नवे मंदिर अलाबामा राज्यातल्या चुनखडीत बांधून 27 जून 2002 रोजी अर्पण करण्यात आले. भिंतीच्या खांबांवर, पार वरती, चेहरा असलेला सूर्य कोरलेला दिसतो आणि त्याच्या डोक्यावर दोन हातांत तुताऱ्या आहेत. जुन्या मंदिराचा असाच एक सूर्य वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेला आहे. मंदिराच्या आत पंथाबाहेरच्या माणसाला प्रवेश नाही, म्हणून आपणही बाहेरच थांबतो.

नदीलगतची घरे मात्र दीर्घकाळ वेगळ्या हातांत होती. जोसेफ स्मिथ यांच्या पत्नी एमा पश्चिमेला गेल्या नाहीत. 1879 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या नॉवूलाच राहिल्या आणि त्यांच्या मुलाच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या दुसऱ्या शाखेकडे, म्हणजे आजच्या कम्युनिटी ऑफ क्राइस्टकडे, स्मिथ कुटुंबाची घरे आणि लाल विटांचे दुकान या वास्तू आल्या. मार्च 2024 मध्ये ओहायोतल्या कर्टलंड मंदिरासह त्या युटाच्या चर्चने 19 कोटी 25 लाख डॉलरना विकत घेतल्या.

संध्याकाळ झाली, की नाट्यसोहळ्याची तयारी सुरू होते. 2018 मध्ये चर्चने अशा भव्य सोहळ्यांना यापुढे उत्तेजन द्यायचे नाही असे धोरण जाहीर केले आणि इतर ठिकाणचे काही सोहळे बंद झाले, पण नॉवूचा चालू राहिला. आधी मैदानावर जत्रा भरते. त्यात हातगाडी ओढायची, पोत्यात पाय घालून शर्यत लावायची, आणि ज्यांना रंगमंचावर जायचे आहे तेच पोशाख घातलेले लोक प्रेक्षकांच्या मुलांना खेळवतात. बायकोच्या पोशाखाला पाठीकडून गुंड्या आहेत आणि त्या मोठ्या मुलीने लावायच्या, अशी वाटणी झालेली आहे. इलिनॉयच्या जुलैतला दमट उकाडा, दोन थरांचा घागरा आणि डोक्यावर कापडी टोपी यांमुळे पहिल्या गाण्याआधीच सगळे घामाने निथळतात. अंधार पडताच प्रखर दिवे लागतात, नदीवरून आलेले किडे त्या उजेडात थव्याने घिरट्या घालतात आणि समूहगान चालू असताना एखादा किडा टिपेच्या सुराबरोबर तोंडात जातो. मधल्या मुलाचे तेवढ्यात काय झाले, ते दिसतेच आहे.

गावातल्या जुन्या रहिवाशांना उन्हाळ्यातल्या या गर्दीचे आणि जमिनीच्या मालकीचे प्रश्न आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेक जण मॉर्मन नाहीत.

मुक्काम संपायच्या आदल्या दिवशी पोशाख परत करायचे असतात. घागरे, टोप्या, पँटीचे पट्टे वेगवेगळ्या ढिगांत पडतात, आतल्या बाजूला शिवलेला क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी ताडून पाहिला जातो आणि तुटलेल्या गुंड्यांची नोंद होते. मधल्या मुलाची पँट गुडघ्यावर फाटली आहे, ती दुरुस्तीच्या टोपलीत जाते. टेबलापलीकडे त्याच क्रमांकाचे पोशाख घ्यायला पुढच्या तुकडीतली कुटुंबे रांगेत उभी राहू लागली आहेत, आणि पाठीकडच्या गुंड्या कोणी लावायच्या, हे त्यांच्यातल्या एका मुलीला आपली मोठी मुलगी समजावून सांगते आहे.