पॅड बदलायच्या आधी कॅलिपर बघा! डिस्क ब्रेक जाम होतो कशामुळं?

नमस्कार मंडळी. पाऊस जरा उघडला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या दुचाकी गाड्यांची एकच तक्रार सुरू होते, "गाडी ओढंना झाल्या, ॲव्हरेज पण पडलंय". मग प्लग बदलून होतो, एअर फिल्टर होतो, चेन होते, पण पुढचं चाक हातानं फिरवून बघायचं काय कुणाच्या डोक्यात येत नाही.

गाडी डबल स्टँडला लावा, मागून एकाला दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक वर येतं, आणि फिरवा. बारीक खस्स आवाज आला तर चालतंय, पॅड (डिस्कला दाबून चाक थांबवणारे तुकडे) डिस्कला, म्हणजे चाकावरच्या गोल चकतीला, हलके टेकलेलेच असतात. पण एक चक्कर पण पुरी न होता चाक थांबलं किंवा लिव्हर दाबून सोडल्यावर लगेच मोकळं झालं नाही, तर ब्रेक धरून बसलाय.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं यावरच आहे. ड्रम ब्रेकमध्ये शू मागं ओढायला स्प्रिंग असते, डिस्क ब्रेकमध्ये पॅडला दाबणाऱ्या पिस्टनला तशी स्प्रिंगच नसते. पिस्टनभोवती एक चौकोनी कडेचं रबरी सील असतं, लिव्हर दाबला की पिस्टन पुढं जाताना ते सील थोडं पिळलं जातं, सोडला की सील परत सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागं घेतं. बास, एवढंच. त्या केसभर जागेत तांबडा चिखल सुकून बसला की सील बिचारं काय करणार? आणि आपल्या बहुतेक गाड्यांचा कॅलिपर, म्हणजे पिस्टन आणि पॅड ज्यात बसतात तो भाग, दोन पिनांवर सरकणारा असतो, पिस्टन आपल्या बाजूचा पॅड दाबतो आणि अख्खा कॅलिपर सरकून पलीकडचा पॅड डिस्कवर आणतो. पिन सुकल्या की ते सरकणंच बंद, एक पॅड झिजून पत्र्याला लागलेला आणि दुसरा अर्धा शिल्लक. असे पॅड निघाले की लोक सरळ नवीन घालतात आणि तेपण तसेच जातात, कारण रोग पिनेत आहे हो, पॅडमध्ये नाही.

चाक जाम असतानाच एक टेस्ट करा. कॅलिपरच्या निप्पलला (ऑइल सोडायच्या बारीक स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीत सोडा, आणि निप्पल किंचित सैल करा. थोडं ऑइल येऊन चाक मोकळं झालं तर प्रेशर लाइनमध्ये अडकलंय, म्हणजे मास्टर सिलिंडरचं (हँडलवर लिव्हरजवळ ऑइल दाबतो त्याचं) ऑइल परत यायचं बारीक भोक बुजलंय, नाहीतर होज (कॅलिपरकडं जाणारी ऑइलची नळी) आतून फुगलाय, नाहीतर बाहेरून घातलेला फॅन्सी लिव्हर मास्टरच्या पिस्टनला कायम दाबून धरतोय. निप्पल सोडून पण चाक मोकळं झालं नाही तर दोष कॅलिपरमध्येच. निप्पल परत टाइट करायला विसरू नका, ऑइलची लेव्हल बघा आणि लिव्हर मऊ लागला तर ब्लीडिंग करा, म्हणजे लाइनमधली हवा काढा.

साफ करताना पॅड धरून ठेवणारी पिन कॅलिपर गाडीवर असतानाच सैल करून घ्या, नंतर हातात धरून ती निघत नाही. कॅलिपर होजला लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. पॅड काढले की लिव्हर एकदम हळू दाबून पिस्टन थोडासा बाहेर काढा, थोडासाच, पूर्ण निघाला तर ऑइल सगळं खाली. मग जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी किंवा ब्रेक क्लीनर घेऊन चारीबाजूनं घासा, पुसा, आणि मगच आत ढकला. हात जोडून सांगतो, घाण असलेला पिस्टन स्क्रू ड्रायव्हरनं आत रेटू नका, ती घाण सीलवरून आत जाते आणि सील फाडते. पिस्टनला पॉलिश पेपर पण नको. गंजून खड्डे पडले असतील तर पिस्टन आणि सील दोन्ही नवीन घाला.

सरकणाऱ्या पिना पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. बेरिंगचं साधं ग्रीस, डिझेल, पेट्रोल हे तिथं नकोच, रबर फुगतं आणि चार दिवसांत पिन परत जाम. पिनेचे रबरी बूट फाटलेत का तेपण बघा, पाणी तिथूनच शिरतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ची उकळायची मर्यादा कमीत कमी २३० अंश, पाणी धरल्यावर तीच १५५ पर्यंत खाली येते. चोर्ला घाट उतरताना ब्रेक धरून ठेवला आणि ऑइल उकळलं तर लाइनमध्ये वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकतो, ब्रेक नावाला पण राहत नाही. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदला, झाकणावर जे लिहिलंय तेच घाला. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग खातं ते. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचं युनिट मात्र घरी खोलू नका, त्याला मिस्त्रीच बरा.

सगळं बसवलं की गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करा, कारण पिस्टन मागं गेलेला असतो आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मग दारातल्याच रस्त्यावर हळू चालवून बघा. पॅड नवीन असतील तर पहिले शे-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, घाटात तर तोपर्यंत जाऊच नका.